मावशीच्या पाठीची ऊब

माझं आजोळ होळीचं. सणाची होळी नव्हे. वसई गावाला लागून त्या नावाची वाड्यांची वस्ती आहे. धाकटा भाऊ झाला तेव्हा तो फार अशक्त होता. आईला आम्हा दोघांचं करणं झेपेना, म्हणून तिने मला आजोळी ठेवलं. पहिली-दुसरी मी तिथल्याच शाळेत शिकले. आजोबांच्या वाडीत केळी होती, अळू होतं, पाटाच्या कडेने भेंडी आणि वांगी, आणि विहिरीपाशी सोनचाफ्याची रांग. आईच्या पाठच्या दोन बहिणी तेव्हा घरीच होत्या. धाकटीची शाळा नुकतीच संपली होती. मधलीला मी नुसतं मावशी म्हणायचे. मावशी उजाडायच्या आधी चाफ्याच्या कळ्या काढायची, केळीच्या पानात गुंडाळून टोपलीत रचायची, आणि ती टोपली दादरच्या फुलबाजाराला जायची.

मी मावशीजवळ झोपायचे. थंडीत शिंपलेल्या मातीचा गारठा थेट घरात यायचा. मावशी भिंतीकडे तोंड करून निजायची आणि मी तिच्या पाठीला चिकटायचे. तिची पाठ घरातल्या कुणाहीपेक्षा गरम असायची. आजीजवळ झोपलं तर ती ऊब मिळायची नाही, म्हणून मी रडून मावशीकडेच जायचे.

"एवढी चिकटू नको गो, बाजूला हो," ती म्हणायची. पण स्वतः हलायची नाही.

एका उन्हाळ्यात आई अचानक आली आणि मला घेऊन गेली. पुढे पावसाळ्यात कळलं की मावशी गेली. कावीळ झाली होती, असं सांगितलं. मला तिच्या दिवसांनाही नेलं नाही. आजोळच्या भिंतीवर आजोबांचा फोटो लागला, पुढे आजीचा लागला, मावशीचा कधी लागला नाही. तिचा विषय निघाला की आजी पदर तोंडाला लावायची, म्हणून कोणी काढत नसे. मी मोठी होत गेले तशी मावशी माझ्यासाठी एक गरम पाठ आणि चाफ्याचा वास एवढीच उरली. तिचा चेहरा मला कधीच आठवला नाही.

लग्न होऊन मी विरारला आले, फुलपाड्यात. नव्वद सालानंतरचे ते दिवस. जिथे बघावं तिथे इमारत उभी राहत होती आणि एकाही इमारतीत पुरेसं पाणी नव्हतं. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. नवरा मुंबईत नोकरीला, मी जवळच्याच शाळेत शिक्षिका. मुलगी झाली. ती चालायला लागली त्या सुमारास माझं पोट बिघडलं ते बिघडलंच.

आधी वाटलं टँकरच्या पाण्याने असेल. पाणी उकळून पिऊ लागलो, बाहेरचं खाणं बंद केलं. मग रक्त पडायला लागलं. जेवलं की थोड्याच वेळात पोटात पिळे बसायचे आणि धावत सुटावं लागायचं. शाळेत फळ्यावर लिहिताना खडू तसाच खाली ठेवून मी वर्गातून पळाले आहे. मुलं आधी हसायची. नंतर हसेनाशी झाली, त्याचं जास्त वाईट वाटायचं. घरी पाणी एक दिवसाआड यायचं, आणि पाण्याचं पिंप माझ्या एकटीमुळे रिकामं व्हायचं. नवरा कामावरून येऊन काही न बोलता खालच्या टाकीवरून बादल्या चढवायचा. मी दाराआड बसून त्याची पावलं ऐकत असायचे.

वसईच्या एका डॉक्टरांनी दुर्बिणीने तपासलं. आतड्यात ठिकठिकाणी जखमा होत्या. ते म्हणाले, "आपल्याकडे असं दिसलं की पहिला संशय टीबीचा घ्यायचा. आतड्याचाही टीबी असतो."

आई माझ्याबरोबर होती. वडील गेल्यानंतर ती माझ्या आजारपणासाठी अधूनमधून आमच्याकडे येऊन राहायची. तिचा एकदम आवाज चढला. "टीबी? आमच्या घरात नाय तसलं काय. दुसरा डॉक्टर बघा," ती जावयाला म्हणाली आणि खुर्चीवरून उठलीसुद्धा. माझी आई डॉक्टरसमोर पदर सावरून बसणारी बाई. तिचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, माझ्या काळजीने चिडली असेल.

दुसरे डॉक्टर मुंबईचे. मध्यमवयीन, हळू बोलणारे. त्यांनी आतड्याचे तुकडे पुन्हा तपासायला पाठवले आणि निदान केलं की हा टीबी नाही, क्रोन्स आहे. म्हणजे काय, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमचं शरीर तुमच्याच आतड्याला परकं समजून त्याच्याशी भांडतंय. का, ते आम्हालाही माहीत नाही. हे आयुष्यभर सोबत राहील. पण आवरता येतं."

स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. बरं वाटायचं, डोस कमी केला की पुन्हा तेच. माझा चेहरा सुजून वाटोळा झाला. शाळेतल्या बाई म्हणायच्या, "तब्येत सुधारली हं तुमची." आरशात कुणीतरी दुसरीच बाई माझं कुंकू लावून उभी असायची. अशी दोन-अडीच वर्षं गेली, आणि मग गोळ्याही काम करेनाशा झाल्या. वजन उतरलं. जिना चढून आलं की मी पहिल्या खोलीत जमिनीवरच आडवी व्हायचे.

तेव्हा डॉक्टरांनी त्या नव्या औषधाचं नाव काढलं. इन्फ्लिक्सिमॅब. ते गोळीचं औषध नव्हतं. जिवंत पेशींमध्ये तयार करतात, त्याचा थोडा अंश मूळचा उंदराचा असतो, सलाइनमधून दोनेक तास चढवायचं. शरीरात जळजळ पेटवणारा एक पदार्थ असतो, त्यालाच हे औषध धरून ठेवतं. आपल्याकडे ते येऊन फार काळ झाला नव्हता. महाग तर होतंच, पण नवऱ्याच्या कंपनीने बराचसा भार उचलला.

"उंदराचं?" आई म्हणाली. "गनपतीचं वाहन आहे. काय वाईट नाय व्हायचं."

त्या दिवशी डॉक्टरांसकट आम्ही तिघंही हसलो. मग डॉक्टर गंभीर झाले. "एक गोष्ट मात्र महत्त्वाची आहे. हे औषध शरीराची राखण थोडी सैल करतं. लहानपणी कधी टीबीचे जंतू शरीरात गेले असतील, तर ते वर्षानुवर्षं आत निपचित पडून असतात. त्रास देत नाहीत. हे औषध दिल्यावर ते जागे होऊ शकतात. तुमचा छातीचा फोटो स्वच्छ आहे. हातावरची सुईची चाचणीही काही दाखवत नाही, पण तुम्ही स्टेरॉइडवर आहात, त्यामुळे तिच्यावर मी पुरता विसंबू शकत नाही. म्हणून नीट आठवून सांगा. घरात, शेजारी, लहानपणी ज्यांच्या सहवासात होतात त्यांच्यापैकी कोणाला टीबी होता का? असेल तर घाबरू नका. आधी काही महिने साध्या गोळ्या द्यायच्या आणि मग हे सुरू करायचं. एवढंच."

मला कोणी आठवेना. मी आईकडे पाहिलं.

"नाही," आई म्हणाली. "कोणालाही नाही."

आई आमच्या बोलीत बोलायची. तिच्या तोंडी 'पाणी'चं 'पानी' व्हायचं आणि 'कोण'चं 'कोन'. सबंध आयुष्यात तिला 'ण' म्हणताना मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी तिने 'कोणालाही' असं शाळेतल्या धड्यासारखं स्वच्छ म्हटलं. मला ते खटकलं. मोठ्या डॉक्टरसमोर नीट बोलतेय, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

पहिला डोस मुंबईला झाला. खाटेवर आडवी, हाताला सुई, नर्स दर थोड्या वेळाने रक्तदाब बघत होती. औषध अगदी पाण्यासारखं दिसत होतं. आई पायाशी स्टुलावर बसून बाटलीकडे एकटक बघत होती. तिचे ओठ हलत होते. जप करत असेल, असं मला वाटलं.

चारच दिवसांत मला भूक लागली. ही गोष्ट कशी सांगावी कळत नाही. मी वाटी धरून वरणभात खाल्ला आणि जेवण संपल्यावर सवयीने वाट बघत बसले. पिळा आला नाही. संध्याकाळी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढचे डोस डॉक्टरांच्या सांगण्यावरून वसईच्याच एका नर्सिंग होममध्ये घेतले. नवरा मुंबईहून बर्फाच्या थर्माकोलच्या खोक्यातून औषध आणायचा. एकदा इमारतीच्या दारात खालच्या काकूंनी त्याला विचारलं, "कसली मासळी आणलीत एवढी जपून?" तो म्हणाला, "सुरमई." वर आल्यावर तो आणि मी पोट धरून हसलो. माझं पोट हसताना दुखलं नाही, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं आणि मग तो तोंड फिरवून खोकं उघडत बसला.

मी मुलीला घेऊन अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर गेले. तिथे संडास कुठे आहे याची चौकशी न करता गेले. तिने वाळूत विहीर खणली. मी कित्येक वर्षांनी ताडगोळे खाल्ले.

तिसऱ्या डोसनंतर काही आठवड्यांनी संध्याकाळी अंग कसकसायला लागलं. सकाळी काही नसायचं. दिवेलागणीला पाय दुखायचे, डोळ्यांत ऊन शिरल्यासारखं व्हायचं, आणि रात्री कपडे घामाने भिजायचे. कोरडा खोकला यायचा. दीर्घ श्वास घेतला की उजव्या बाजूला टोचायचं. शाळेतली दगदग, हवा बदलली, असं मी म्हणत राहिले. पुन्हा आजारी आहे हे मला कबूल करायचं नव्हतं. इतक्या दिवसांनी मी जेवत होते.

एका संध्याकाळी मी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. वीज गेली होती. त्या दिवसांत आमच्याकडे रोजच जायची. मुलगी अंधाराला घाबरून आली आणि माझ्या पाठीला चिकटून पडली. गाल माझ्या पाठीवर घासला आणि समाधानाने म्हणाली, "आई, तुझी पाठ किती गरम आहे! मला आवडते."

"एवढी चिकटू नको गं," मी म्हणाले.

आणि ते वाक्य माझं नव्हतं. माझ्याच तोंडून निघालं, पण आवाज मावशीचा होता. मी तशीच पडून राहिले. केळीच्या पानातल्या चाफ्याचा वास आला. फुलपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर, जिथे खिडकीतून फक्त सिमेंटची धूळ यायची. मावशी कधी सकाळी गरम नसायची. फक्त संध्याकाळनंतर. मावशी खोकायची तेव्हा पाटाकडे जायची. मावशी माझ्याकडे कधीच तोंड करून झोपली नव्हती.

मी मुलीला ढकलून दूर केलं. इतक्या जोरात की ती खाटेवरून पडता पडता वाचली. ती रडायला लागली, आणि आई हातात मेणबत्ती घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली.

"आई," मी म्हणाले, "मावशी कशाने गेली?"

"काविळीनं."

"आई."

तिने मेणबत्ती टेबलावर ठेवली. मेण तिच्या बोटांवर सांडलं, पण तिने बोटं झटकली नाहीत. मुलीला तिने उचललं, बाहेरच्या खोलीत जावयाजवळ नेऊन बसवलं आणि दार लोटून परत आली.

"तिला टीबी होता," आई म्हणाली. "मला आधी ठाव नव्हतं. ठाव असतं तर तुला ठेवली असती का तिथं? कळलं तेव्हा लगेच येऊन घेऊन गेले ना मी तुला."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

"आठवलं नाय असं नाय. आठवलं. तोंडात पन आलं. आनि बाहेर पडलं ते 'नाही'." ती खाटेच्या कडेला बसली, माझ्यापासून लांब. "आईनं देव्हाऱ्यासमोर आमच्याकडून कबूल करून घेतलं होतं. कोनी विचारलं तर कावीळ. तीस वर्षं तेच बोलत आले, बाय. जिभेला दुसरं वळनच नाय राहिलं."

दुसऱ्याच दिवशी आम्ही मुंबईला गेलो. छातीच्या फोटोत उजवं फुप्फुस अर्धं दिसत नव्हतं. तिथे पाणी साठलं होतं. डॉक्टर फोटो उजेडात धरून उभे होते. मी काही बोलायच्या आत आई पुढे झाली. खुर्चीवर बसली नाही, उभ्यानेच बोलली, आणि या वेळी आपल्या बोलीत, आपल्या 'न'सकट.

"डॉक्टर, मी तुमाला खोटं सांगितलं. माझ्या बहिनीला टीबी होता. ती त्यानंच गेली. ही पोर तिच्या कुशीत झोपायची. आता काय करायचं ते माझं करा."

डॉक्टरांनी फोटो टेबलावर ठेवला. मला वाटलं ते रागावतील, आणि मला ते रागवायला हवेही होते. ते इतकंच म्हणाले, "बरं झालं आजी, सांगितलंत. आता आम्हाला अंधारात चाचपडायला नको."

पाठीत सुई घालून पाणी काढलं. गवती चहासारखं पिवळसर पाणी. तपासणीत टीबीच निघाला. माझी थुंकी तपासली, त्यात जंतू नव्हते, तेव्हा मी पहिल्यांदा धड श्वास घेतला. नव्या औषधाचे डोस थांबवले. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. लघवी केशरी, तोंडाला लोखंडाची चव. मुलीची तपासणी झाली. ती निरोगी होती, तरी लहान आहे म्हणून तिलाही काही महिने एक गोळी दिली. ती गोळी साखरेच्या पाण्यात विरघळवून देताना दर सकाळी मला वाटायचं, एवढीच, एवढीशीच गोळी मला आधी मिळायला हवी होती.

डॉक्टरांनी आईचाही छातीचा फोटो काढायला लावला. तिच्या डाव्या फुप्फुसाच्या टोकाला एक लहानसा पांढरा ठिपका होता. "जुना आहे," ते म्हणाले. "केव्हाचाच बरा झालेला. तुम्हाला कळलंही नसेल." आईने तो फोटो घरी आणला आणि खिडकीशी धरून कितीतरी वेळ बघत राहिली. मावशीचा घरात एकही फोटो नव्हता. आईला त्या ठिपक्यात काय दिसत होतं, हे मी विचारलं नाही.

ते वर्ष मी घरातच होते. शाळेतून रजा घेतली होती. संध्याकाळचा ताप जायला दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांत मावशी आमच्या घरात राहायला होती. भुतासारखी दिसायची असं नाही. दिवेलागणीला अंग तापायला लागलं की मला वाटायचं, इतकी वर्षं ही माझ्या आत भिंतीकडे तोंड करून निजली होती, कुणाला त्रास न देता, आणि आम्ही तिला उठवलं. मी कधी तिच्यावर चिडायचे. कधी तिची इतकी कीव यायची की माझंच अंग मी कुरवाळत बसायचे. नवरा म्हणायचा, "तू कुणाशी पुटपुटतेस?" मी म्हणायचे, "कुणाशी नाही."

आई भाजी निवडता निवडता मावशीबद्दल बोलायला लागली. मी विचारायचे नाही. तीच एखादी गोष्ट सांगायची आणि पुन्हा निवडायला लागायची. मावशीला चिंचेची बोटुकं मीठ लावून आवडायची. ती सायकल शिकली होती. तिला इंजेक्शनं द्यायला आजोबा वसईला न्यायचे नाहीत, कुणी बघेल म्हणून विरारला न्यायचे, सायकलवर मागे बसवून, टोपलीत थोडी भाजी ठेवून, म्हणजे लोकांना वाटावं बाजाराला चाललेत. मावशीला उतार पडत होता. वजन भरत होतं. आणि मग धाकटीला बघायला भुईगावची माणसं आली.

"आई म्हनाली, मधलीला आता कोन करनार? धाकटीचं तरी होऊ दे. लगीन होईपरेंत विरारच्या फेऱ्या नकोत, कोनाच्या डोळ्यावर यायला नको," आई सांगत होती. तिच्या हातात अळूचं पान होतं, ती त्याच्या शिरा सोलत होती. "ती पन म्हनाली, नको, इंजेक्शनं दुखतात. खरं म्हनाली का आईच्या भीतीनं म्हनाली, कोन जाने. लगीन झालं. तवर हिच्यात काय उरलं नव्हतं."

टीबीचा कोर्स पूर्ण झाला. पोटाचं दुखणं मात्र दबा धरून होतं, ते पुन्हा उसळलं. रक्त, पिळे, बादल्या. डॉक्टर म्हणाले, "आता तेच औषध पुन्हा देता येईल. टीबीचा पूर्ण इलाज झालाय, आणि मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवीन. मध्ये खंड पडलाय, त्यामुळे पहिल्या वेळी अंगावर उठणं, दम लागणं असं काही होऊ शकतं. इस्पितळातच देऊ. पण निर्णय तुमचा."

नवऱ्याची इच्छा नव्हती, पण तसं म्हणायलाही तो धजत नव्हता. तीन दिवसांनी आई म्हणाली, "घे, बाय. औषध अर्ध्यावर सोडलेलं मी एकदा बघितलंय."

मी घेतलं. त्या दुपारी सुई टोचली तेव्हा माझे दात वाजत होते. पहिला थेंब नळीतून उतरताना मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात मावशीला म्हणाले, झोप आता. अंगावर काही उठलं नाही. दोन तासांनी नर्सने सुई काढून कापसाचा बोळा लावला आणि आई मला म्हणाली, "चल, डोसा खाऊ." इस्पितळासमोरच्या हॉटेलात तिने आयुष्यात पहिल्यांदा मसाला डोसा मागवला.

मी बरी झाले. म्हणजे डॉक्टर म्हणाले होते तसं, आवरलं गेलं. दर दोन महिन्यांनी मी वसईला जाऊन ते घेऊ लागले. शाळा पुन्हा सुरू झाली.

त्यानंतरच्या मे महिन्यात मी धाकट्या मावशीला भेटायला भुईगावला गेले. तिच्या नातवंडांनी अंगणात आंब्यांची रास घातली होती. तिला मी हे सगळं सांगायला हवं, असं मला फार दिवस वाटत होतं. तिच्याही घरात लहान मुलं होती. कधी कुठल्या डॉक्टरने विचारलं तर तिला माहीत असावं. मी हळूहळू, जपून सांगितलं. मला भीती होती की तिला धक्का बसेल.

ती आंबे पुसत होती. पुसतच राहिली.

"मला ठाव आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"लगीन झालं त्याच वर्षापासून. आमच्या ह्यांचा चुलतभाऊ तेव्हा विरारला त्याच डॉक्टरकडे कंपाउंडर होता. बाबा तिला घेऊन यायचे ते त्यानं कितीदा बघितलं होतं. ह्यांच्या घरी सगळ्यांना आधीच ठाव होतं. बघायला आले तेव्हासुद्धा."

"आणि तरी त्यांनी..."

"सासरे म्हनाले होते, आजार तिला आहे, हिला नाय. औषध चालू आहे, बरी होईल." धाकट्या मावशीने हातातला आंबा राशीवर ठेवला आणि दुसरा उचलला. "हे मला ह्यांनी सांगितलं तेव्हा ती जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. मी कधीच माहेरी बोलले नाय. कसं बोलनार? आई विचारती, मग आपन तिला कशासाठी थांबवलं?"

अंगणात पोरं कैऱ्यांवरून भांडत होती. मावशीने मला जेवायला थांबवून घेतलं. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण केलं, शेजारी बसून वाढलं, आणि त्या विषयावर आम्ही पुन्हा एक शब्द काढला नाही. निघताना तिने माझ्या हातावर सुईच्या खुणा होत्या तिथे बोट ठेवलं आणि विचारलं, "दुखतं का गो?" मी नाही म्हणाले.

घरी आले तेव्हा आई दारातच होती. आता तिचे गुडघे दुखायचे, पण मी भुईगावला गेले हे कळल्यापासून ती दाराशी खुर्ची टाकून बसली होती.

"सांगितलंस तिला?"

"सांगितलं."

"काय म्हनाली? रडली?"

आईचा चेहरा वर झाला होता. तिच्या कपाळावरची कुंकू पुसलेली जागा घामाने चमकत होती. मी चपला काढल्या, पिशवीतले आंबे तिच्या मांडीवर ठेवले.

"थोडी रडली," मी म्हणाले. "तिला काहीच माहीत नव्हतं."

आईने मान हलवली आणि आंबे एकेक करून नाकाशी नेऊन बघू लागली, कुठला आधी पिकलाय ते.